रिपीटरचा अँटेना कसा निवडायचा आणि शहापूरच्या पावसात तो कसा टिकवायचा?

जुलै २०२१ मध्ये उंबरमाळी स्टेशनात पाणी प्लॅटफॉर्मला लागलं होतं आणि कसारा घाटात दरडी कोसळल्या होत्या. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावात अडकलेल्या लोकांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. ही दोन्ही ठिकाणं वाशिंदपासून लांब नाहीत. अशा वेळी आपण सगळ्यात आधी खिशातला फोन काढतो. पण मोबाइल टॉवरला वीज लागते. वीज गेली की तो बॅटरीवर चालतो आणि बॅटरी संपली की फोनवर ‘नो सर्व्हिस’ दिसतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतलं मोबाइल नेटवर्क असंच कोलमडलं होतं.

हॅम रेडिओवाले, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेस चालवणारे लोक, अशा वेळी उपयोगी पडतात. त्यांच्या हातातला छोटा सेट लांबवर पोहोचवतो तो रिपीटर. रिपीटरची पेटी आत कोरड्या खोलीत असते, अँटेना मात्र बाहेर पावसात उभा असतो. ज्या दिवशी त्याची खरी गरज असते, नेमका त्याच दिवशी पाऊस सगळ्यात जास्त असतो. म्हणून अँटेना निवडणं आणि त्यात पाणी शिरू न देणं ही दोन कामं वेगळी नाहीत. कसं ते पाहू.

रिपीटर म्हणजे नक्की काय?

हातातला सेट साधारण ५ वॉटचा असतो. त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे मध्ये डोंगर आला की संपलं. उंचावर ठेवलेला रिपीटर तुमचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने पुन्हा सोडतो.

भारतात हॅमसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. त्यात बोलण्या-ऐकण्यातला फरक सहसा ०.६ मेगाहर्ट्झ ठेवतात. म्हणजे समजा रिपीटर १४५.००० वर ऐकतो आणि १४५.६०० वर बोलतो. बहुतेक वेळा दोन्ही कामं एकाच अँटेनावर, एकाच वेळी चालतात. मध्ये ‘डुप्लेक्सर’ नावाचे धातूचे मोठे डबे असतात, ते आपलाच आवाज आपल्या कानात जाऊ देत नाहीत.

मुका होण्याआधी बहिरा

आता थोडं गणित. रिपीटर २५ वॉट बाहेर सोडतोय. त्याच वेळी त्याचा रिसीव्हर लांबच्या सेटचा जो सिग्नल पकडायचा प्रयत्न करतोय, तो एका वॉटच्या दहा कोटी कोटी भागांतला कसाबसा एक भाग भरेल इतका बारीक असतो. दोन्हींची तुलना केली तर ३ वर १६ शून्यं इतका फरक येतो. लग्नाच्या बँडमध्ये उभं राहून पलीकडच्या गल्लीतली कुजबूज ऐकण्यासारखंच हे काम.

अशा ठिकाणी एखादा नट गंजला, कनेक्टरमध्ये ओल आली किंवा तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढला की त्या खराब जोडातून २५ वॉटची ताकद जाताना खरखर तयार होते. ती खरखर थेट ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीवरही पडते. डुप्लेक्सर तिला अडवू शकत नाही, कारण ती त्याच्या पलीकडे, अँटेनाच्या बाजूलाच जन्मलेली असते.

परिणाम फसवा असतो. रिपीटरचा आवाज तुम्हाला खणखणीत येतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण लांबच्या गावातला ५ वॉटचा सेट त्याला ऐकूच जात नाही. पाणी शिरलेला रिपीटर मुका होण्याआधी बहिरा होतो, आणि मदत मागणारा माणूस नेमका त्या कमजोर सेटवर असतो.

जागा: जितकं उंच तितकं चांगलं?

रेडिओचं क्षितिज काढायचं सोपं सूत्र आहे: उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. वाशिंदच्या एखाद्या इमारतीवर १५ मीटर उंचीला अँटेना लावला तर सुमारे १६ किलोमीटर. समोरचा माणूस सेट हातात धरून उभा असेल तर त्याचे आणखी ५. म्हणजे सपाटीवर २१ किलोमीटर. पण वाशिंद ते कसारा रेल्वेने ४१ किलोमीटर आहे आणि मध्ये डोंगर आहेत.

आता सुमारे ८५० मीटर उंचीच्या माहुलीकडे बघा. सूत्राने १२० किलोमीटर येतात! कागदावर झकास. पण तो भाग तानसा अभयारण्यात येतो, तिथे मनाला येईल तसा खांब उभारता येत नाही. शिवाय वर वीज कशी नेणार, आणि भर पावसात दुरुस्तीला कोण चढणार? म्हणून सर्वात उंच जागेपेक्षा जिथे परवानगी, वीज आणि वाट तिन्ही आहेत अशी उंच जागा चांगली.

कोणता अँटेना घ्यायचा?

आधी एक नियम. हातातल्या सेटचा अँटेना उभा असतो, म्हणून रिपीटरचाही उभाच हवा. एक उभा आणि एक आडवा असला की सिग्नल खूप पडतो.

*ग्राउंड प्लेन:* मधोमध साधारण अर्ध्या मीटरची उभी दांडी आणि खाली तीन-चार तिरक्या दांड्या. स्वस्त, घरी बनवता येणारा. शिकण्यासाठी आणि तात्पुरत्या रिपीटरसाठी उत्तम.

*फायबरग्लास कोलिनिअर:* पांढरी उंच नळी, जिच्या आत एकावर एक अनेक अँटेना जोडलेले असतात. गेन जास्त, दिसायला सुटसुटीत. पण आतले जोड दिसत नाहीत. वाऱ्यात नळी हलून हलून एखादा जोड सुटला की बाहेरून कळत नाही, आणि २५ वॉट चालू असताना तोच खरखर करतो.

*फोल्डेड डायपोलची रांग:* एका खांबावर दोन किंवा चार लांबट कडी लावलेल्या दिसतात ना, तो हा प्रकार. जड आहे, महाग आहे. पण सगळे भाग जाड धातूचे, उघड्यावर आणि तपासता येणारे. वर कडी थेट खांबाला जोडलेली असल्याने साचलेला वीजभार जमिनीत जायला वाट मिळते. कायमच्या रिपीटरसाठी, खास करून आपल्या पावसात, माझं मत याला.

*यागी:* जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा, एकाच दिशेला बघणारा. दोन ठिकाणं जोडायला छान. सगळीकडच्या लोकांना ऐकायचं असेल तर नाही.

जास्त गेन म्हणजे जास्त चांगला?

फोनच्या जाहिरातीतल्या मेगापिक्सेलसारखीच ही गफलत आहे. अँटेना ताकद तयार करत नाही, असलेली ताकद एका बाजूला दाबतो. मेदूवडा वरून दाबला की चपटा होऊन पसरतो, तसं. गेन वाढला की लहरी क्षितिजाकडे जास्त जातात आणि खालच्या बाजूला कमी.

डायपोलपेक्षा ६ डीबी जास्त गेनच्या अँटेनाचा मुख्य झोत उभ्या दिशेत साधारण १६ ते १८ अंशांचा असतो, म्हणजे क्षितिजाच्या खाली आठ-नऊ अंश. समजा अँटेना पायथ्याच्या गावापेक्षा ८०० मीटर उंच आहे आणि गावाचं आडवं अंतर ३ किलोमीटर आहे. तिथे बघायला जवळपास १५ अंश खाली बघावं लागतं. झोत गावाच्या डोक्यावरून निघून जातो! लांबच्या शहरातून बोलणं होतं आणि पायथ्याचा पाडा तुटक ऐकू येतो. म्हणून डोंगरावर मध्यम गेन किंवा झोत थोडा खाली झुकवलेला अँटेना, आणि सपाटीवरच्या इमारतीवर जास्त गेनचा, हे लक्षात ठेवा.

केबलमध्ये पैसे वाचवू नका

दर ३ डीबीला ताकद निम्मी होते. ३० मीटर केबलमध्ये २५ वॉट सोडले तर १४५ मेगाहर्ट्झवर वर किती पोहोचतात बघा. पातळ आरजी-५८ मधून जेमतेम ६ वॉट. आरजी-२१३ मधून साधारण १३. मोबाइल टॉवरवर दिसते त्या अर्धा इंची, तांब्याच्या नळीच्या फीडर केबलमधून सुमारे २०. ऐकण्याच्या दिशेनेही हाच तोटा होतो.

आणखी एक सापळा. एलएमआर-४०० जातीच्या केबलमध्ये तोटा कमी असतो, पण तिच्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची जाळी घासते. दोन वेगळे धातू, हलका स्पर्श, वर ओल. खरखरीला आयतं घरच मिळतं. साध्या स्टेशनला ती चालते, एकाच अँटेनावर बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या रिपीटरला नको.

पाणी आत शिरतं कसं?

फक्त वरून पडून नाही. वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो. त्याहून चलाख वाट म्हणजे श्वास. उन्हात कनेक्टर तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते. अचानक सर आली की तो थंड होतो आणि बाहेरची ओलसर हवा, कधी पाण्याचा थेंबही, आत ओढून घेतो. एकदा पाणी जाळीला लागलं की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते केबलभर पसरतं. अशी केबल वाळवून सुधारत नाही, बदलावीच लागते.

म्हणून बाहेर एन-टाइप कनेक्टर वापरा, त्यात रबराची रिंग असते. पीएल-२५९ मध्ये पाणी अडवणारं काहीच नसतं.

जोड गुंडाळायची पद्धत

१. कोरड्या दिवशी काम करा. कनेक्टर हाताने घट्ट बसवा आणि जोड पुसून घ्या.

२. आधी चांगल्या प्रतीच्या काळ्या इन्सुलेशन टेपचा एक गुळगुळीत थर द्या. पुढे कधी जोड उघडायचा झाला तर वरचं रबर कनेक्टरला चिकटून बसत नाही.

३. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप. ती ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्या भागावर येईल अशी गुंडाळा. काही वेळात सगळे वेढे एकजीव होतात. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना केबलवर चार-पाच सेंटीमीटर पुढे जा.

४. शेवटी पुन्हा काळी टेप, कारण रबराला ऊन सोसत नाही. हा थर खालून वर गुंडाळा. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर चढवतो तसंच: पाणी फटीवरून घरंगळलं पाहिजे. शेवटचा वेढा न ताणता लावा आणि टेप कात्रीने कापा. ओढून तोडलेलं टोक महिनाभरात उलगडतं.

५. केबल भिंतीतून आत घेण्याआधी खाली झोल द्या. घराच्या विजेच्या सर्व्हिस वायरला देतात तसाच. पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जातं.

काय करू नका तेही महत्त्वाचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जोडावर लावू नका. सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं. एम-सील थापू नका; केबल वाऱ्यात हलली की तिला तडे जातात आणि पाणी आत अडकतं. फायबरग्लास अँटेनाच्या तळाशी बारीक भोक असतं, ते ‘गळती’ समजून बुजवू नका. आत धरलेला घाम तिथूनच बाहेर पडतो. पांढरे झिप-टाय उन्हात लवकर तुटतात, काळे उन्हाचे घ्या. नटबोल्ट स्टेनलेसचे लावा आणि ॲल्युमिनियमवर थेट तांबं आवळू नका.

विजेसाठी: केबल आत येते तिथे लाइटनिंग अरेस्टर लावा आणि खांब, अरेस्टर व पेटी यांचं अर्थिंग एकत्र जोडा. खांब उभारताना विजेच्या तारांपासून खांबाच्या उंचीपेक्षा जास्त लांब राहा. ढग गडगडत असताना वर चढू नका.

मीटर खोटं बोलतो तेव्हा

अँटेना ठीक आहे का, हे एसडब्ल्यूआर मीटरवर बघतात. १ च्या जवळ आकडा म्हणजे चांगलं. पण केबलमध्ये पाणी शिरलं की तोटा वाढतो, परत येणारी ताकदही वाटेतच जिरते आणि मीटर उलट चांगला आकडा दाखवतो! ज्या केबलमध्ये ६ डीबी तोटा आहे, तिच्या टोकाचा अँटेना वाऱ्याने उडून गेला तरी खाली मीटर साधारण १.७ दाखवेल. आकडा आपोआप सुधारला तर खूश होऊ नका, संशय घ्या.

मे महिन्यात कोरड्या हवेत आकडे लिहून ठेवा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा घ्या. बहिरेपणाची चाचणी वेगळी. एखाद्याला लांबून, कमी ताकदीवर बोलायला सांगा. रिपीटरच्या रिसीव्हरवर आधी ट्रान्समीटर बंद ठेवून ऐका, मग चालू करून. चालू करताच आवाज खरखरत बुडाला तर गडबड आहे. आता अँटेनाच्या जागी डमी लोड लावून पाहा. खरखर गेली तर दोष वर आहे: केबल, जोड किंवा अँटेना.

सुरुवात कुठून करायची?

ऑनलाइन स्वस्त सेट दिसतात म्हणून लगेच घेऊन बोलायला लागू नका, परवान्याशिवाय ते बेकायदा आहे. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा १२ वर्षांपुढे कोणालाही देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोडही लागत नाही. रिपीटर उभारायला मंजुरी लागते, म्हणून ते काम क्लबमधून करणं सोपं.

पण जोड गुंडाळायचा सराव आजच करता येईल. केबलचे दोन तुकडे जोडा, टेप लावा आणि रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. सकाळी टेप कापून बघा. आतला कनेक्टर कोरडा निघाला तर तुमचा हात बसला. नाही निघाला तर बरंच झालं, बादलीत कळलं, डोंगरावर नाही.