केवल मूल्य : शून्यापासूनचे अंतर
संख्यारेषेवर ७ आणि −७ या संख्या परस्परविरुद्ध दिशांना असल्या, तरी शून्यापासून दोहोंचे अंतर सारखेच, म्हणजे ७ एकके, भरते. आणि हे जे दिशानिरपेक्ष अंतर, तेच त्या संख्येचे केवल मूल्य होय. हिशेबाच्या वहीत रक्कम जमेस मांडलेली असो वा नावे, तिचा आकडा कायम राहतो, तसेच हे. कार्ल वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८४१ मध्ये योजिलेल्या दोन उभ्या रेषांनी ते |−७| = ७ असे लिहितात. मात्र ‘ऋण चिन्ह पुसणे’ एवढेच पाठ करणारा विद्यार्थी |क्ष − ३| = ५ येथे हमखास अडखळतो; उलट, |क्ष − ३| म्हणजे क्षचे ३ पासूनचे अंतर हे ओळखून, ३ पासून ५ एकके दूर असलेल्या संख्या कोणत्या, असे जो स्वतःस विचारतो, त्यास ८ आणि −२ ही दोन्ही उत्तरे रेषेवर तत्काळ दिसतात, आणि या विषयाची खरी गोडी मला येथेच वाटते.