जर्मनची पहिली पायरी – लेखांक ६ : आधी प्रश्नपत्रिका, मग अभ्यास

ए-वन परीक्षा कोणाला द्यावी लागते, हे मागच्या लेखांकात पाहिलं. नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जर्मनीत राहायला जाणाऱ्यांकडून तिथला कायदा २००७ पासून भाषेचं प्राथमिक ज्ञान मागतो. ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला मिळते तशी सूट थोड्यांनाच असते. बाकीच्यांना परीक्षा चुकत नाही. क्लासची फी आणि त्यासाठी पुण्या-मुंबईत राहण्याचा खर्च, हे दोन्ही ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी आजचा लेखांक आहे.

माझं मत स्पष्ट सांगते. ए-वनच्या तयारीसाठी लागणारं सगळं साहित्य आज फुकट मिळतं, आणि त्यातलं उत्तम साहित्य कोणत्याही महागड्या पुस्तकाच्या तोडीचं आहे. अडचण येते ती साहित्याच्या पसाऱ्यामुळे. चार ॲप, सहा यूट्यूब वाहिन्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफ, आणि यातलं धड काहीच पूर्ण होत नाही. म्हणून सुरुवात परीक्षा घेणाऱ्यांनीच दिलेल्या नमुना प्रश्नपत्रिकेपासून करावी.

गोएथे-इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्स म्यूलर भवन, या परीक्षेला ‘स्टार्ट डॉइच १’ म्हणतं. तिचा सराव संच संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. प्रश्न, ध्वनिफिती, ध्वनिफितींची लिखित संहिता, उत्तरं आणि गुण कसे देतात त्याची माहिती, असं सगळं त्यात मिळतं. हाच संच पैसे घेऊन विकणारे लोक भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका. टेल्क आणि ओएसडी या संस्थांचे नमुना संचही असेच मोफत आहेत, पण आपण जी परीक्षा देणार तिचाच संच आधी घ्यावा.

संच छापून घ्या आणि पहिल्याच दिवशी, काही कळत नसलं तरी, पूर्ण चाळा. ऐकण्याला सुमारे २० मिनिटं, वाचनाला २५, लेखनाला २० आणि मग गटात साधारण १५ मिनिटांची तोंडी परीक्षा. १०० पैकी ६० गुणांना उत्तीर्ण. ऐकण्याच्या तीन भागांपैकी पहिला आणि तिसरा दोनदा ऐकवतात. मधला भाग, म्हणजे स्टेशन, दुकान, विमानतळ अशा ठिकाणच्या घोषणा, एकदाच. एवढी एक गोष्ट कळली तरी अभ्यासाची दिशा बदलते. फलाट क्रमांक, वेळ आणि किंमत हे तीन आकडे एका ऐकण्यात पकडता आले पाहिजेत.

दुसरी फुकट वस्तू त्याच संकेतस्थळावरची शब्दसूची. सुमारे ६५० शब्द, बहुतेकांसोबत छोटं उदाहरणवाक्य. ही पाठ करत बसू नका. उदाहरणवाक्यं मोठ्याने वाचा आणि नाम नेहमी डेअर, डी, दास यांच्यासकटच लिहून घ्या. तीन लिंगं मराठी माणसाला नवी नाहीत, पण जर्मन लिंग आपल्या लिंगाशी जुळेल या भरवशावर राहू नये. आपला चंद्र तो आणि त्यांचाही तो, पण आपला सूर्य तो आणि त्यांचा मात्र ती. शब्दांच्या उजळणीसाठी अँकी हे कार्डांचं साधन संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे.

रोजच्या अभ्यासाला एकच मालिका धरायची तर डॉइच वेलेची ‘निकोस वेग’ धरा. स्पेनहून आलेल्या निकोची बॅग हरवते आणि अनोळखी देशात त्याला नाव सांगण्यापासून घर शोधण्यापर्यंत सगळं जर्मनमध्ये निभवावं लागतं. त्याची मावशी यारा सायकलचं दुकान चालवते, म्हणून कामाच्या जागची भाषाही कानावर पडते. प्रत्येक छोट्या दृश्याखाली सराव आणि व्याकरण आहे. लेखनाची भीती असेल त्यांनी जर्मनीतल्या प्रौढशिक्षण केंद्रांच्या संघटनेचं ‘फाउ-हा-एस लेर्नपोर्टाल’ जोडीला घ्यावं. तिथला ए-वन अभ्यासक्रम मोफत आहे आणि आपण लिहिलेले छोटे मजकूर शिक्षक तपासून देतात. फुकटात माणसाची नजर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. डुओलिंगो सवय लावायला ठीक, पण या परीक्षेचा साचा त्यातून हाती लागत नाही.

आता ज्यावर सगळ्यात कमी वेळ दिला जातो ते पाहू. तोंडी परीक्षेच्या पहिल्या भागात स्वतःची ओळख करून दिल्यावर परीक्षक नावाचं किंवा गावाचं स्पेलिंग जर्मन अक्षरांत विचारतात आणि एखादा क्रमांक सांगायला लावतात. समजा आडनाव पाटील आहे. जर्मनमध्ये ते पे, आ, टे, ई, एल असं सांगायचं. इंग्रजीच्या सवयीने दुसरं अक्षर ‘ए’ म्हटलंत की परीक्षकाच्या कानात ते वेगळंच अक्षर जातं, कारण ‘ए’ हा जर्मनमध्ये इंग्रजीतल्या ‘ई’चा उच्चार आहे. जाधवांना तर योट, आ, डे, हा, आ, फाउ असं म्हणावं लागतं. स्वतःचं नाव, आडनाव, गाव आणि रस्ता एवढं आरशासमोर उभं राहून रोज म्हणा. वर्णमालेचे व्हिडिओ यूट्यूबवर हवे तितके आहेत.

आकड्यांच्या बाबतीत मराठी आपल्याला मदत करते. त्रेसष्टमध्ये तीन आधी आणि साठ नंतर येतात, जर्मनमध्येही ‘द्राय-उंड-झेख्त्सिश’ म्हणजे तीन आणि साठ. इंग्रजीतून विचार करणारा इथे अडखळतो, म्हणून आकडे मनात मराठीतच म्हणावेत. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस यांच्यापाशी जपून राहा. तिथे जर्मन लोक नऊ आणि वीस, नऊ आणि तीस असंच मोजतात.

तोंडीच्या पुढच्या दोन भागांत कार्डं असतात. एकावर ‘खाणंपिणं’ हा विषय आणि ‘न्याहारी’ हा शब्द असला की आपण प्रश्न विचारायचा : वास इस्ट दू त्सुम फ्र्युश्ट्युक? समोरचा परीक्षार्थी उत्तर देतो, मग त्याची पाळी. तिसऱ्या भागात चित्रावरून विनंती करायची असते. कोऱ्या कागदाचे तुकडे करून अशी चाळीसेक कार्डं घरीच बनवता येतात. पण समोर बोलणारं माणूस लागतंच, आणि फुकट अभ्यासाची खरी उणीव इथे आहे. टँडेमसारख्या ॲपवर भाषेची देवाणघेवाण करणारे लोक भेटतात. त्याहून भरवशाचं म्हणजे हीच परीक्षा देणारी एखादी मैत्रीण शोधा आणि आठवड्यातून तीनदा फोनवर कार्डं खेळा. दोघींचं जर्मन कच्चं असलं तरी हरकत नाही, कारण परीक्षेतही समोर तुमच्याच पातळीची व्यक्ती असते. कान तयार करायला ‘ईझी जर्मन’ या वाहिनीवरचे नवशिक्यांसाठीचे सावकाश संवाद ऐका.

लेखनाच्या दुसऱ्या भागात सुमारे तीस शब्दांचा निरोप लिहायचा असतो. दिलेल्या तीन मुद्द्यांपैकी एकही सुटता कामा नये, आणि सुरुवातीचं संबोधन व शेवटचा नमस्कार लिहायचा राहून गेला तर गुण जातात. पुढच्या आठवड्यात फक्त हाच भाग घेऊ. तोवर असा एक निरोप लिहून ठेवा : मैत्रिणीने रविवारी वाढदिवसाला बोलावलंय, आभार माना, का येता येणार नाही ते सांगा आणि भेटायला दुसरा दिवस सुचवा.