समुद्रापासून दूरच्या तालुक्यातली काळजी

समुद्राचे पाणी तापले की ते प्रसरण पावते आणि जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. मुख्यतः या दोन कारणांनी जगाची सरासरी समुद्रपातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. याची धास्ती स्त्रियांना अधिक वाटते की पुरुषांना, हा प्रश्न मुंबईच्या कोळीवाड्यात सहज पटेल, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात तो वरवर विक्षिप्त वाटेल. तरीही तालुक्याच्या दक्षिण सीमेवरच्या पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या वाटेने बंगालच्या उपसागरालाच मिळते, आणि येथील कोरडवाहू, म्हणजे निव्वळ पावसावर पिकणाऱ्या, कापसाचा पाऊसही समुद्रावरूनच येतो. ज्या उष्णतेने पातळी वाढते तिनेच हवेतले बाष्पही वाढते, त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा अधिक जोराने कोसळतो.

अमेरिकेतील जनमत चाचण्यांच्या आधारे अ‍ॅरन मॅकक्राइट यांनी 2010 मध्ये दाखवले, की हवामानबदलाविषयी स्त्रियांना काहीशी अधिक चिंता वाटते आणि त्यांचे ज्ञानही पुरुषांपेक्षा सरस असते, मात्र त्या स्वतःला कमी जाणकार समजतात. सारा बुश आणि अमांडा क्लेटन यांच्या 2023 मधील अभ्यासानुसार ही दरी श्रीमंत देशांत रुंदावते, आणि तीही मुख्यतः तेथील पुरुषांची चिंता घटल्यामुळे. गरीब देशांत ती फारशी दिसत नाही. स्त्रीचा स्वभावच हळवा, हे सोपे स्पष्टीकरण येथेच कोसळते, कारण स्वभाव देशाच्या उत्पन्नानुसार बदलत नाही.

केळापुरात काळजी दोघांनाही आहे. तिचा विषय तेवढा वेगळा. पावसाने खंड दिला की दुबार पेरणीच्या बियाण्याचे कर्ज बहुधा पुरुषाच्या नावावर चढते. फुटलेली बोंडे अवकाळी पावसात भिजली की किलोमागे मजुरी घेणाऱ्या, वेचणीला जाणाऱ्या बायकांचा दिवस बुडतो. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातील वहिवाटदारांपैकी महिला जेमतेम 14 टक्के होत्या. म्हणून सातबाऱ्यावरचे नाव पाहून घरोघर जाणाऱ्या पाहणीत या बायका बहुतांशी सुटतात, आणि गाठ पडलीच तर त्यांचे ‘सांगता येत नाही’ हे उत्तर बेफिकिरी म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो. अशी पाहणी येथे करायचीच तर ती वेचणीच्या हंगामात, धुऱ्यावर बसून, आधी पावसाविषयी विचारून करावी. समुद्राचे नाव नंतर काढले तरी चालेल.