सिग्नल बंद पडतो, नियम बंद पडत नाही

'सिग्नल फेल' हे शब्द कानावर पडले की पुणे-लोणावळा लोकलच्या डब्यात पहिली शिवी खातो तो गाडी चालवणारा. तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, पिंपरी या स्थानकांवर पाळी गाठण्यासाठी ताटकळणाऱ्या कामगाराचा संताप आम्हाला समजतो. चाकणला तर रेल्वेच नाही. लोकलमधून उतरून पुढे बस किंवा शेअर रिक्षा पकडायची असते. पण हा संताप योग्य माणसावर निघतो काय, हे एकदा तपासले पाहिजे.

मुळात रेल्वेचा सिग्नल असा बनविलेला असतो की ट्रॅक सर्किट बिघडले तर तो लाल व्हावा. दिवाच विझला तरी चालकाने तो लालच समजायचा. म्हणजे शंका आली की गाडी थांबली पाहिजे, हे रेल्वेचे पहिले तत्त्व. पुढे काय करायचे हेदेखील कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. स्वयंचलित सिग्नलच्या मार्गावर लाल सिग्नलपाशी गाडी उभी करायची, दिवसा एक मिनिट व रात्री दोन मिनिटे थांबायचे, मग शिटी देऊन, गार्डशी इशाऱ्याची देवाणघेवाण करून सावकाश निघायचे. समोरचे स्वच्छ दिसत असेल तर वेग ताशी 15 किलोमीटर, नसेल तर 10. कारण वळणाआड दुसरी गाडी उभी असू शकते. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे.

बिघाड लांबला आणि त्या टप्प्यातील सगळेच सिग्नल बंद पडले तर स्टेशन मास्तर चालकाला लेखी परवाना देतो. अशा वेळी वेगमर्यादा ताशी 25 किलोमीटर आणि दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी शेवटच्या डब्यासह पोचल्याची खात्री झाल्याशिवाय मागची सोडायची नाही. थोडक्यात, दिव्याची जागा कागद घेतो. आम्ही वकील मंडळी रोज कागद वाचतो. त्यात एक ओळ राहिली तर काय अनर्थ होतो हे आम्हाला ठाऊक आहे.

17 जून 2024 रोजी पश्चिम बंगालमध्ये नेमके तेच घडले. रंगापाणी व चत्तरहाट स्थानकांदरम्यान सकाळपासून स्वयंचलित सिग्नल बिघडले होते. कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडी धडकली आणि 10 जणांचा बळी गेला. मालगाडीचा चालक व एक्सप्रेसचा गार्ड त्यातच होते. त्याच दिवशी रेल्वेच्या वरिष्ठांनी बोट दाखवले ते मृत चालकाकडे. मेलेला माणूस खुलासा देऊ शकत नाही, हे किती सोयीचे!

पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत वेगळेच चित्र समोर आले. चालकांना दिलेला परवानाच चुकीच्या प्रकारचा होता. त्यात वेगमर्यादा लिहिलेलीच नव्हती. त्या सकाळी या टप्प्यात शिरलेल्या 7 गाड्यांपैकी एकट्या कांचनजंगाने 15 किलोमीटरची मर्यादा पाळली. सातांपैकी सहा चालक चुकतात तेव्हा दोष एका माणसाचा नसतो. स्टेशन मास्तर व चालकांना या नियमांचे पुरेसे प्रशिक्षणच मिळाले नव्हते, असे अहवाल सांगतो. जो नियमाने हळू चालला त्याच्याच गाडीला मागून धडक बसली, ही गोष्ट विसरता येणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक लेखी परवान्यावर वेग ठळक लिहावा. चालक आणि स्टेशन मास्तरांना अशा प्रसंगाचे नियमित प्रशिक्षण द्यावे. चालक चुकला तरी गाडीला ब्रेक लावणारी 'कवच' यंत्रणा कामगारांच्या लोकल मार्गांवर प्राधान्याने बसवावी. बिघाड झाला की गाडी का रखडली, हे प्रत्येक स्थानकावर मराठीतून सांगावे.

राहिला प्रश्न कारखान्याच्या गेटचा. वीस मिनिटे उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी कापणारे ठेकेदार या पट्ट्यात कमी नाहीत. जेवढा वेळ गैरहजर तेवढीच कपात, हे 1936 च्या वेतन अदायगी कायद्याचे तत्त्व होते आणि 2019 च्या वेतन संहितेनेही ते कायम ठेवले आहे. त्याहून जास्त कापणे बेकायदेशीर आहे. नियमाने सावकाश चालणारा चालक आपला वैरी नाही. तो आपल्याला घरी जिवंत पोचवतो. वीस मिनिटांसाठी चार तासांचा पगार का कापला, हा जाब ठेकेदाराला विचारा, आणि तोही लेखी विचारा.