देताना सगळे, घेताना मोजके

1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर एक कोडं उभं राहिलं. रुग्णाला रक्त द्यायचं होतं आणि कुणाचंच रक्त त्याला जुळत नव्हतं. ए नाही, बी नाही. सर्वांना चालतं असा ज्याचा लौकिक, त्या ओ गटाच्या पेशीसुद्धा त्याच्या रक्तद्रवात टाकल्या की एकमेकींना चिकटून गुठळ्या होत. दात्यांमागून दाते तपासले गेले. अखेर याच शहरात असा एक माणूस सापडला की त्याचं रक्त जुळलं, कारण तेही तितकंच एकटं होतं. हा शोध त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि या गटाला शहराचंच नाव मिळालं. जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत आजही तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणूनच ओळखला जातो.

या गटाची रचना कळली की थक्क व्हायला होतं. आपल्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. त्यातली एक पायाभूत साखळी म्हणजे 'एच'. तिला घराचं जोतं म्हणू. त्यावर एक विशिष्ट साखर चढली की रक्तगट ए होतो, दुसरी चढली की बी, दोन्ही असल्या की एबी. ओ गटाच्या माणसाकडे नुसतं जोतं असतं. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अंगात एच असतोच, कमी किंवा जास्त. बॉम्बे गटाच्या माणसात मात्र एच तयार करणारं जनुकच काम करत नाही. आईवडिलांकडून ए किंवा बीचं जनुक आलेलं असलं तरी त्याची साखर चढणार कशावर? ते जनुक मुकाट राहतं. पुढच्या पिढीत कधी ते अचानक प्रकट होतं आणि कागदावर ओ असलेल्या आईबापांच्या पोटी बी गटाचं मूल जन्माला येतं.

शरीर ज्याला ओळखत नाही त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. या माणसांना एच परका, म्हणून त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात. त्यांना ओ गटाची पिशवी लावली तर जीव जाऊ शकतो. आणि नेहमीच्या साध्या तपासणीत, जिथे फक्त ए आणि बी पाहिले जातात, ही माणसं ओ म्हणूनच दिसतात. रुग्णाच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी मिसळून उलटी तपासणी केली, तेव्हाच खरं काय ते कळतं. एच आहे की नाही याची खात्री करायला युरोपातल्या एका पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. बियांचा आणि रक्ताचा हा संबंध तिथेच थांबत नाही. ए गटाचे ए-वन आणि ए-टू असे जे उपप्रकार आहेत, ते वेगळे ओळखायला लागणारा अर्क कुळथाच्या दाण्यांतून काढतात. कोकणात ज्याची पिठी भाताबरोबर जेवतात तोच हा कुळीथ. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुन्हा मागे जाऊन वाचलं होतं.

भारतात अंदाजे दहा हजारांत एक माणूस बॉम्बे गटाचा असतो, युरोपात दहा लाखांत एक. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही, एचही नाही. म्हणून ए-बी-ओपुरतं पाहिलं तर या पेशी कुणाच्याही शरीरात खुपणार नाहीत. द्यायला सगळी दुनिया मोकळी, घ्यायचं मात्र आपल्यासारख्याच मोजक्यांकडून.

मग त्यांना रक्त लागलं तर ते येतं कुठून? पिशवीतल्या तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअस तापमानात, त्यात कोणतं द्रावण आहे त्यानुसार, 35 ते 42 दिवस टिकतात. दहा हजारांतल्या एकासाठी पिशव्या भरून ठेवल्या तर बहुतेक मुदत संपून वाया जातील. ग्लिसरॉल मिसळून, खोल गोठवून त्या कित्येक वर्षं ठेवता येतात, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. तेव्हा हा साठा असतो चालत्याबोलत्या माणसांत. रक्तपेढ्यांकडे आणि दात्यांच्या गटांकडे फोन नंबरांची यादी असते. कुठल्यातरी गावात एखादी बाई बाळंतपणात अडते, यादीतला फोन वाजतो आणि कुणीतरी हातातलं काम टाकून रात्रीच्या गाडीनं दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात जातं. ज्या बाईसाठी जायचं तिला त्यानं पाहिलेलं नसतं. आपल्याला उद्या लागलं तर असंच कुणी येईल, याची लेखी हमी त्याला कुणीही दिलेली नसते.

मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती कृतज्ञतेची वाट. एरवी कुणी आपल्याला काही दिलं तर आपण त्याला दोन शब्द बोलतो, सणाला डबा पाठवतो, वेळेला त्याच्या उपयोगी पडतो. नेहमीच्या रक्तदानात मात्र ती परतीची वाट बंद आहे. पिशवीवर क्रमांक असतो, गट असतो, तारीख असते, नाव नसतं. ज्याचा जीव वाचला त्याला दाता कोण ते कळत नाही, आणि दात्याला आपलं रक्त कुणाच्या अंगात गेलं ते कळत नाही. मनात भरून आलेल्या त्या कृतज्ञतेनं जायचं कुठे? पुढेच जायचं, तिसऱ्याच कुणाकडे.

ती पुढे कुठवर जाऊ शकते हे ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन यांनी दाखवलं. 1951 साली, चौदा वर्षांचे असताना, त्यांच्या छातीवर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि अनोळखी लोकांच्या रक्तानं ते जगले. वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली की आपणही रक्त द्यायचं, असं त्यांनी ठरवलं आणि 1954 पासून द्यायला लागले. सुईची त्यांना भीती वाटे, हातात सुई शिरताना ते कधीही तिकडे पाहत नसत.

पुढे डॉक्टरांना त्यांच्या रक्तद्रवात एक दुर्मीळ प्रतिपिंड भरपूर प्रमाणात आढळलं: अँटी-डी. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असलं की बाळंतपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. आईचं शरीर त्या पेशी ओळखून ठेवतं. पहिलं मूल बहुधा सुखरूप असतं, पण पुढचं आरएच पॉझिटिव्ह बाळ पोटात असताना आईचीच प्रतिपिंडं वार ओलांडून त्याच्या रक्तपेशी फोडू लागतात. कितीतरी घरांत अशी बाळं एकामागून एक दगावत, आणि दोष मात्र आईच्या नशिबाला दिला जाई. प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन दिलं की बाळाच्या त्या पेशी आईच्या शरीराच्या ध्यानात यायच्या आतच निकाली निघतात. हे औषध तयार होतं माणसांनी दिलेल्या रक्तद्रवातूनच, म्हणजे प्लाझ्मातूनच.

हॅरिसन 2018 पर्यंत, वयाची 81 वर्षं होईतो, प्लाझ्मा देत राहिले. एकूण 1,173 वेळा. त्यांच्या प्लाझ्मातून बनलेल्या औषधाचा लाभ सुमारे 24 लाख बाळांना झाला, असा तिथल्या रेड क्रॉसचा अंदाज आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये ते वारले. त्यांच्या रक्तात अँटी-डी आलं ते बहुधा लहानपणी मिळालेल्या त्या रक्तामुळेच, असं मानलं जातं. अनोळखी लोकांनी दिलेल्या रक्तानं त्यांचा जीव तर वाचवलाच. पुढे त्यांनी जन्मभर जे दिलं तेही बहुधा त्याच रक्तानं त्यांच्यात रुजवलं. मला तर कृतज्ञतेचं इतकं शब्दशः शारीरिक उदाहरण दुसरं माहीत नाही.

रक्ताला पैसे मोजले तर ते अधिक मिळेल, असं कुणालाही वाटेल. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले प्राध्यापक रिचर्ड टिटमस यांनी 1970 मध्ये 'द गिफ्ट रिलेशनशिप' या पुस्तकात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या पद्धतींची तुलना करून उलट मांडलं. ज्याला पैशांची निकड आहे त्याला आपली कावीळ लपवावीशी वाटते. जो नुसतं द्यायला आला आहे त्याला लपवण्याचं कारणच नसतं. त्यांच्या मते विकत घेतलेलं रक्त महाग तर पडतंच, धोक्याचंही ठरतं. आपल्याकडेही एकेकाळी पोटासाठी रक्त विकणारी माणसं रक्तपेढ्यांच्या दारात उभी असत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून या विक्रीवर बंदी आली. तेव्हापासून या अवाढव्य देशातलं रक्त कायद्यानं कुणीतरी फुकटच दिलेलं असावं लागतं, मग ते नात्यातल्या माणसासाठी दिलेलं असो की कुणाचंही नाव मनात न धरता.

शिबिरात साधारणपणे 350 मिलीलीटर रक्त घेतात. रक्तपेढीत ती पिशवी फिरवून तिचे भाग वेगळे करतात. तांबड्या पेशी थॅलेसेमियाच्या मुलाकडे जातात, ज्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. प्लाझ्मा गोठवला की वर्षभर टिकतो आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेल्या रुग्णाला देता येतो. प्लेटलेट्स कॅन्सरच्या किंवा डेंग्यूच्या रुग्णाकडे. त्या जगतात फक्त पाच दिवस, तेही खोलीच्या तापमानाला सतत हलत ठेवल्या तर. एका हातातून निघालेलं दान असं तीन घरांत जातं. दात्याच्या शरीरात प्लाझ्मा एक-दोन दिवसांत भरून येतो. मज्जेमध्ये दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी तयार होतच असतात, दिलं तरी आणि न दिलं तरी.

गणेशोत्सवात आणि शिवजयंतीला आपल्याकडे शिबिरांची रांग लागते. मग एप्रिल-मे उजाडतो, कॉलेजं बंद होतात, मुंबई-पुण्याची माणसं गावी जातात आणि रक्तपेढ्यांतली कपाटं रिकामी व्हायला लागतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र मे महिन्यातही रक्त लागतंच. तुमचं वय 18 ते 65 च्या दरम्यान असेल, वजन 45 किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन किमान साडेबारा असेल, तर गावी निघण्याआधी एक सकाळ राखून ठेवा. पोटभर न्याहारी करून, पाणी पिऊन जा. गणपतीत पुन्हा देता येईल: पुरुषांना तीन महिन्यांचं अंतर पुरतं, स्त्रियांना चार.