गोदामातला चंद्र

२३ ऑगस्ट १९६६. ‘लुनार ऑर्बिटर-१’ या अमेरिकी यानाने चंद्राच्या क्षितिजावर टेकल्यासारखी दिसणारी पृथ्वीची कोर टिपली. चंद्राजवळून घेतलेलं पृथ्वीचं ते पहिलं छायाचित्र. लोकांपुढे आलं तेव्हा मात्र ते भरड होतं, पट्ट्यापट्ट्यांचं. त्या कॅमेऱ्यात खरोखर किती उतरलं होतं, हे कळायला आणखी ४२ वर्षं जावी लागली.

या यानाच्या पोटात चक्क फोटोची फिल्म होती. ती तिथेच धुतली जाई, प्रकाशाच्या बारीक ठिपक्याने वाचली जाई आणि रेडिओ संदेशाच्या रूपाने पृथ्वीकडे रवाना होई. इथे त्या संदेशातून पुन्हा फिल्मच्या अरुंद पट्ट्या तयार करायच्या आणि शेजारी शेजारी मांडून चित्र पुरं करायचं. अपोलोसाठी उतरायला सपाट जागा शोधण्याची घाई होती, तेवढ्या कामाला ही पद्धत पुरेशी होती. मूळ संदेश मात्र दोन इंच रुंद टेपवरही साठवला जात होता. उजेड-सावलीचे जे बारकावे पट्ट्यांवर पुसट झाले, ते टेपवर शाबूत राहिले. १९६६-६७ मध्ये अशी पाच यानं गेली आणि मागे सुमारे दीड हजार टेप उरल्या.

१९८०च्या दशकात या टेपचं करायचं काय, असा प्रश्न नासाच्या नॅन्सी इव्हान्स यांच्यापुढे आला. त्या फेकून द्यायला त्यांनी ठाम नकार दिला. पण टेप जपून भागणार नव्हतं. त्या वाचणारी ‘अँपेक्स एफआर-९००’ यंत्रं एव्हाना दुर्मिळ झाली होती. इव्हान्स यांनी तीही शोधून काढली, आणि पैशाअभावी काम रखडलं तेव्हा ती अवजड यंत्रं वर्षानुवर्षं स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली. २००७ मध्ये डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांनी तो वारसा उचलला. कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात मॅकडोनाल्ड्सची एक बंद पडलेली इमारत त्यांना मिळाली. काम करणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं ‘मॅकमून्स’. नोव्हेंबर २००८ मध्ये तिथून पहिलं चित्र बाहेर पडलं, ते १९६६च्या त्याच पृथ्वीचं. पण आता नितळ, कातीव.

सगळ्याच टेपच्या नशिबी अशी माणसं नव्हती. अपोलो-११च्या चांद्रवीरांचं चित्रण चंद्रावरून वेगळ्या पद्धतीने येत होतं. दूरचित्रवाणीसाठी त्याचं रूपांतर करताना त्याचा दर्जा घसरला. मूळ, अधिक स्पष्ट चित्रण ज्या टेपवर होतं, त्यांचा नासाने कसून शोध घेतला. २००९ मध्ये निष्कर्ष आला, की टेपच्या टंचाईच्या काळात त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. माणसाच्या चंद्रावरल्या पहिल्या पावलाचं सर्वांत चांगलं चित्रण असं हातचं गेलं. वाहिन्यांकडे उरलेल्या प्रतींवर मेहनत घेऊन त्याची भरपाई करावी लागली.

आवाजांच्या वाट्याला चांगले दिवस आले. मोहिमेच्या काळात ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात आणि त्यामागच्या खोल्यांत चाललेलं बोलणं ३०-३० मार्गिकांच्या टेपवर अखंड नोंदलं जात होतं. ते ऐकवू शकणारं जुनं यंत्र एका वेळी एकच मार्गिका वाचे. त्या गतीने एकट्या अपोलो-११चं ध्वनिमुद्रण संगणकावर आणायला किमान १७० वर्षं लागली असती. डॅलस इथल्या टेक्सास विद्यापीठात जॉन हॅन्सन यांच्या चमूने तिसांच्या तीस मार्गिका एकदम वाचणारी सोय केली. २०१८ पर्यंत सुमारे १९,००० तासांचं ध्वनिमुद्रण लोकांसाठी खुलं झालं. पहिलं पाऊल टाकणाऱ्या आर्मस्ट्राँग यांचं एक वाक्य जगाला पाठ होतं. आता इंधनाचा, संगणकाच्या इशाऱ्यांचा हिशेब करणाऱ्या पडद्यामागच्या माणसांचे आवाजही ऐकू येऊ लागले.

अपोलोच्या मूळ फिल्म ह्यूस्टनमध्ये गोठणबिंदूखालच्या तापमानात जपल्या आहेत. २००४ पासून त्यांचं नव्याने स्कॅनिंग सुरू झालं. पुढे अपोलोच्या चित्रांचा संग्रह हौसेने चालवणाऱ्या किप टीग यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये ८,४०० हून अधिक छायाचित्रं फ्लिकरवर मांडली, निवडक नव्हे तर सरसकट. हललेला हात, चुकलेला उजेड, चौकटीत अर्धवट आलेलं यान, सगळं त्यात आहे. त्यातच आहे एएस११-४०-५८८६ क्रमांकाची चौकट. चंद्रावर बहुतेक वेळ कॅमेरा आर्मस्ट्राँग यांच्याच हाती होता. म्हणून गाजलेले फोटो त्यांचे सहकारी ऑल्ड्रिन यांचे. या चौकटीत यानापाशी पाठमोरे, सावलीत काम करणारे आर्मस्ट्राँग दिसतात. ऑल्ड्रिन परिसराचं चित्र घेत होते, त्यात ते आपसूक आले.

खुल्या संग्रहात सामान्य माणसाची नजर काय करू शकते, ते २०१९ मध्ये भारतानेच पाहिलं. चांद्रयान-२चा विक्रम लँडर सप्टेंबरात चंद्रावर कोसळला. नासाच्या ‘लुनार रिकनिसन्स ऑर्बिटर’ने १७ सप्टेंबरला तो भाग टिपला आणि २६ला चित्र सर्वांसाठी प्रसिद्ध केलं. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन ते जुन्या चित्राशी ताडून बघत बसले. एक पांढरा ठिपका नवा निघाला. त्यांनी नासाला कळवलं. शास्त्रज्ञांनी आणखी चित्रं तपासली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला दुजोरा दिला. नासाने प्रसिद्ध केलेल्या नकाशावर सुब्रमणियन यांनी शोधलेला तुकडा ‘एस’ या अक्षराने दाखवला आहे.

इस्रोच्या मोहिमांचं दप्तर बंगळुरूजवळ ब्यालालू इथल्या केंद्रात असतं. २०२० च्या अखेरीस चांद्रयान-२ची विदा तिथून खुली होऊ लागली. चांद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ रोजी, लुनार ऑर्बिटरच्या त्या चित्राला बरोबर ५७ वर्षं झाली त्या दिवशी. आणखी वर्षाने, २३ ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी, त्याच्या नव्या विक्रम लँडरच्या आणि प्रज्ञान या बग्गीच्या उपकरणांनी जमवलेली माहितीही अभ्यासकांसाठी उपलब्ध झाली. विक्रमवर ‘इल्सा’ नावाचा कंपनमापक होता. २५ ऑगस्ट २०२३ रोजी त्याने चंद्राच्या जमिनीतली एक बारीक थरथर नोंदवली. जवळच प्रज्ञानची चाकं फिरत होती.