अंधारात कान फसवतो तेव्हा

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७४७ दोन मिनिटांच्या आतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मरण पावले. मुख्य वैमानिकासमोरचे, विमानाचा कल दाखवणारे यंत्र बिघडले होते. सरळ झालेले विमान उजवीकडे कललेलेच दिसल्याने त्यांनी ते डावीकडे कलवले. बाहेर काळोख, क्षितिज दिसत नव्हते.

अशा वेळी शरीरही साथ देत नाही. आतल्या कानातील नलिकांमधला द्रव हलला की वळण जाणवते. पण वळण अगदी सावकाश किंवा बराच वेळ एकसारखे असेल, तर काहीच जाणवत नाही. म्हणून वैमानिकांना शिकवतात: अंधारात शरीरावर विसंबू नका, एकट्या यंत्रावरही नाही, दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहा.